मऊ तोंडाचा गडी

वीज कडाडली की आमचा कुत्रा खाली बसतो. लोकांना वाटतं घाबरला. घाबरत बिबरत काही नाही. तो ताठ बसतो, मान वर करतो आणि आभाळातून काही पडतंय का ते बघत राहतो. सिंगापुरात निम्म्या दुपारी गडगडतं. म्हणजे निम्म्या दुपारी हा हॉलच्या मधोमध ठाण मांडून बसलेला, आणि धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन मी त्याला वळसा घालून बाल्कनीत जाणार. त्याला उठवायचं तर कुणीतरी 'जा' म्हणावं लागतं. वरून काही पडलेलंच नसताना त्याला जा तरी कुठे म्हणणार?

कुत्रा शिकारीचा आहे. काळा लॅब्रडॉर. माझा नवरा जुरोंग आयलंडवर इंजिनियर आहे, आणि तिथल्या एका इंग्रज साहेबाने हा कुत्रा विलायतेहून आणला होता. तिकडे हा हिवाळाभर बंदुकीमागे राबलेला. बार झाला की बसायचं, पक्षी कुठे पडला ते डोळ्यांनी टिपून ठेवायचं आणि हुकूम झाला की जाऊन तो उचलून आणायचा. साहेबाची बदली आखातात झाली, तिथल्या उन्हात कुत्रा न्यायचा नव्हता, आणि माझ्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. एवढ्या मोठ्या कुत्र्याला एचडीबीच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये परवानगी नसते. त्यामुळे तोआ पायोहचं, खाली उतरलं की हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्या असलेलं माझं आवडतं घर सोडून आम्ही बिशानच्या खाजगी कॉन्डोत आलो. कुत्र्यासाठी घर बदललं असं मी अजूनही माहेरी सांगितलेलं नाही.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. त्याच वर्षी सासूबाई गेल्या आणि सासरे पुण्याच्या घराला कुलूप लावून लाँग टर्म व्हिजिट पासवर आमच्याकडे राहायला आले. मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. घरून काम करणारी बाई म्हणजे घरात रिकामी असलेली बाई, हा समज समुद्र ओलांडूनही तसाच राहतो. नवरा पहाटे कंपनीच्या बसने जायचा, मुलगी शाळेत, आणि घरात उरायचो मी आणि हे दोन निवृत्त शिकारी.

होय, सासरे, म्हणजे बाबासुद्धा शिकारी. ते पाटबंधारे खात्यात होते. तरुणपणी धरणांच्या कॅम्पवर राहायचे, आणि शिकारीवर बंदी येण्याआधी त्यांच्याकडे बारा बोअरची बंदूक होती. त्या दिवसांच्या गोष्टी मला पाठ आहेत. दिवाळी उलटली, ज्वारी उभी राहिली की लावे आणि तित्तर. थंडी मुरली की तळ्यावर उतरणारी रानबदकं, त्यांच्यासाठी अंधारात जाऊन गारठलेल्या चिखलात बसायचं. होळी आली की पक्षी अंड्यांवर बसतात, तेव्हा बंदुकीला तेल देऊन ती पेटीत. मी कांदा चिरायला घेतला की बाबांचा हंगाम सुरू व्हायचा आणि पोळ्या होईपर्यंत होळी यायची. 'मग पुढे?' असं मी विचारायचे, पण कान लॅपटॉपवरच्या मीटिंगकडे असायचा.

त्यांचा एकच नियम होता. जे पाडलं ते उचलायचं, रानात टाकून यायचं नाही. जखमी लावा ज्वारीत शिरला म्हणून अख्खी दुपार शोधत बसल्याचं ते सांगायचे. पण त्यांचा कुत्रा गावठी होता. पक्षी आणायचा खरा, आणता आणता चावून त्याचा चोथा करायचा. मऊ तोंडाचा कुत्रा आपल्याला कधी मिळाला नाही, ही बाबांची जन्माची खंत होती. त्यामुळे आमच्याकडे आल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात फ्रीजमधलं कच्चं अंडं काढून जमिनीवर ठेवलं. कुत्र्याने ते उचललं, हॉलभर फिरवलं आणि त्यांच्या हातात दिलं. साधी चीरसुद्धा नाही. हाच कुत्रा माझा कचऱ्याचा डबा पाडून केळीच्या सालींसकट सगळं गिळतो. पण हुकमावर उचललेल्या वस्तूला दात लावायचा नाही, हे त्याच्या हाडात होतं. बाबा त्या दिवशी जेवताना तीनदा म्हणाले, 'काय गडी आहे!' तेव्हापासून तो गडीच. साहेबाने ठेवलेलं इंग्रजी नाव कुणालाच धड म्हणता येत नव्हतं.

मग दोघांची शाळा भरली. माझ्या जुन्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिला दोरी बांधली, हा त्यांचा पक्षी. पार्कात कुत्र्यांना मोकळं सोडायचं एक कुंपण आहे, तिथे सकाळी सकाळी बाबा ती लांब फेकायचे. साहेबाचे इंग्रजी हुकूम त्यांनी मोडीत काढले आणि गड्याला मराठी शिकवलं: बस, जा, दे. तीनच शब्द. माझ्या मुलीला आजोबांशी बोलायला एवढंसुद्धा मराठी येत नव्हतं, ती 'ओके लाह, आजोबा' म्हणून मोकळी व्हायची. गंमत म्हणजे टॉवेल मी फेकला तरी गडी तो नेऊन बाबांनाच द्यायचा. माझ्याजवळून, माझा पसरलेला हात न हुंगता निघून जायचा. त्याला खायला मी घालत होते, आंघोळ मी घालत होते, त्याची घाण पिशवीत मी उचलत होते. मला त्याचा राग यायचा, आणि कुत्र्याचा राग येतो म्हणून स्वतःचीच कीव यायची.

त्यातच बिशानमधल्या कावळ्यांनी उच्छाद मांडला. घरटी करायच्या दिवसांत ते रस्त्याने जाणाऱ्यांच्या डोक्यावर झडप घालू लागले. मग झाडं छाटली, आणि एके सकाळी आमच्या मागच्या रस्त्याला दोऱ्या बांधून सरकारी बंदूकवाले कावळे मारायला आले. तोवर बाबांचे पाय थकून ते व्हीलचेअरवर आले होते. मी त्यांना आणि गड्याला घेऊन खाली उतरले होते, तेवढ्यात खरा बार झाला. गडी खाडकन बसला. आणि त्याच्या इथल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आभाळातून काहीतरी खरोखर पडलं. दोरीपलीकडे, पावसाच्या नाल्याजवळच्या गवतात. गड्याच्या अंगातून गेलेली शिरशिरी मला पट्ट्यातून जाणवली. तो हलला नाही. त्याने फक्त बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी तोंड उघडलं.

'नाही हं, बाबा,' मी म्हणाले. 'इथे चालत नाही.'

त्यांनी तोंड मिटलं. हातमोजे घातलेल्या एका माणसाने चिमट्याने कावळा उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला. दुसरा एक जखमी होऊन भिंतीपलीकडे गेला होता, त्याला बराच वेळ कुणी शोधलं नाही. बाबा लिफ्टमध्ये एवढंच म्हणाले, 'उचलायला गडी होता की इथे.' त्या दिवशी दोघेही नीट जेवले नाहीत आणि मला दोन वेळा भात परत गरम करावा लागला.

पुढे बाबांचा उजवा हात लुळा पडला. गडी टॉवेल आणायचा, क्षणभर थांबायचा आणि मग अलगद त्यांच्या मांडीवर ठेवायचा. मी बाबांना उठवायचे, बसवायचे, पुसायचे, भरवायचे, आणि मग गड्याला खाली न्यायचे. त्याचेही मागचे पाय आता आखडत होते. संध्याकाळी लॅपटॉपपुढे बसले की अक्षरं पोहायची. मी थकले होते, आणि हा थकवा झोपून जाणारा नव्हता. नवरा म्हणायचा, तू थोडी विश्रांती घे. कशातून घेऊ, ते मात्र सांगायचा नाही.

शेवटी मी एक घर शोधलं. बाग असलेल्या बंगल्यातलं एक वयस्क जोडपं, कुत्र्यांची हौस असलेलं. गड्याला न्यायला तयार होते. हे मी फक्त नवऱ्याच्या कानावर घातलं. पण बाबा म्हातारे असले तरी बहिरे नव्हते.

'माझ्यामागे याला देऊन टाकणार?' त्यांनी एका दुपारी विचारलं.

'बघू, बाबा. आधी गोळी घ्या.'

'बघू म्हणजे हो.'

मी पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला. खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते, ती माझ्यात नव्हती. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. फक्त डावा हात गड्याच्या डोक्यावरून फिरवत माझ्याकडे बघत राहायचे, आणि मी खोलीतून निघून जायचे.

बाबा झोपेतच गेले. मंडाईच्या दाहगृहात नेलं, सगळं रीतसर झालं, आणि दहावा दिवस आला. कॉन्डोच्या बार्बेक्यूच्या ओट्यामागे हिरवळीचा एक तुकडा आहे, तिथे बसायचं ठरलं. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला. इथे पक्ष्यांना खायला घालणं गुन्हा आहे, त्यामुळे नवरा एक डोळा पिंडावर आणि एक सिक्युरिटीच्या माणसावर ठेवून विधी करत होता. केळीच्या पानावर भाताचा पिंड, वर काळे तीळ. गड्याला घरात एकटं ठेवलं की तो बाबांच्या खोलीच्या दाराशी ओरडायचा, म्हणून मुलगी त्याला पट्ट्याने धरून बाजूला उभी होती.

कावळा येईना. एरवी याच ओट्यावरून लोकांच्या हातातला पाव पळवणारी ती जात, आता झाडांवर औषधाला नव्हती. मग इच्छा पुरवण्याची वचनं सुरू झाली. नवरा म्हणाला, पुण्याचं घर विकणार नाही. धाकटे दीर फोनमधून म्हणाले, आईचं दरवर्षीचं श्राद्ध चुकवणार नाही. मुलगी रडत म्हणाली, 'आजोबा, आय विल लर्न प्रॉपर मराठी, प्रॉमिस.' कावळा नाहीच. पिंडाभोवती मुंग्या जमायला लागल्या.

'तू काहीतरी सांगून बघ,' नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला.

काय सांगायचं ते मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. ते जोडपं तेराव्यानंतरच्या रविवारी गड्याला न्यायला येणार होतं. मी पहाटेपासून उभी होते, पायांत गोळे आले होते, आणि मेल्यावरही हा माणूस मला त्याच प्रश्नासाठी अडवून धरतोय असं वाटलं. मला संताप आला. म्हातारपण यांचं, हौस यांची, आणि शेवटचा शब्द मात्र माझ्याकडून हवा.

'जा आता,' मी म्हणाले.

बाबांना म्हणाले होते मी. 'जा आता, मोकळे व्हा' असं म्हणायचं होतं, पण पुढचं तोंडातून निघालंच नाही. मुलीच्या हातून पट्टा सुटला. गडी आखडलेल्या पायांनी, पण सरळ रेषेत गेला. नवरा 'ए, ए' करत उठेपर्यंत त्याने पानावरचा पिंड उचलला होता.

'काय झालं?' फोनमधून गुरुजींचा आवाज आला. 'शिवला का? कावळा शिवला का?'

कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात, इथे तर कावळाच नव्हता. गडी वळला. नवऱ्याला टाळून, मुलीला टाळून तो माझ्यासमोर आला, बसला आणि हनुवटी वर केली. भात त्याचा जीव की प्राण. लाळेची तार गवताला टेकली होती, पण जबडा हलत नव्हता. बाबांच्या शेवटच्या दिवसांत तो हात न शोधता मांडीवर ठेवायचा. आता तो माझ्या हाताकडे बघत होता.

मी खाली बसले. दोन्ही हात त्याच्या तोंडाखाली धरले.

'दे.'

पिंड माझ्या ओंजळीत आला. ओला, कोमट आणि अख्खा. वरचे तीळसुद्धा जागेवर होते. बाबा गेल्यापासून मी रडले नव्हते, वेळच झाला नव्हता. तिथे बार्बेक्यूच्या ओट्यामागे, गुरुजींच्या आणि सिक्युरिटीच्या माणसाच्या देखत मला हुंदका आवरेना. गडी माझ्या कोपराला नाक लावून बसून राहिला.

'कुठे देत नाही त्याला, बाबा,' मी म्हणाले. 'राहू दे इथेच.'

नवऱ्याने माझ्या हातून पिंड घेतला आणि परत पानावर ठेवला. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे त्याने दर्भाचा कावळा करून शिववला. मग सिक्युरिटीचा माणूस येण्याआधी आम्ही सगळं आवरलं. पान, दर्भ, तीळ सगळं पिशवीत भरलं. गवतात सांडलेली चार शितं राहिली होती, तीही मी वाकून वाकून वेचली. कंबर मोडून आली होती, तरी एकही शीत तिथे टाकून आले नाही.