चुन्याच्या रेघेबाहेर

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. बाबा साताऱ्याकडून इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले आणि झाशीचेच झाले. मला दरोगा व्हायचं होतं, म्हणजे तुमच्याकडचा फौजदार. लेखी परीक्षा पहिल्याच फटक्यात काढली, हे मी आजही ताठ मानेने सांगते. राहिली होती फक्त धाव, आणि माझ्या वयाला ही शेवटची भरती होती.

धावण्यात मी कच्ची नव्हते. छावणीच्या सडकेवर रोज पहाटे मी पुढे, बाबा सायकलवर मागे. दम टिकायचा, पाय टिकायचे. पण शेवटच्या टप्प्यात वेग वाढवला की तोंडाला पाणी सुटायचं, कानांत दडे बसायचे आणि मी ओकायचे. उपाशी धावले, केळं खाऊन धावले, लिंबू-मीठ घेऊन धावले. ओकायचेच.

इलाइट चौराह्याजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, ईसीजी काढला, सोनोग्राफी केली. झोप, पाळी, सगळं विचारलं. मग म्हणाले, "बेटा, तुम तो मुझसे ज़्यादा फिट हो." माणूस चांगला होता. पण मला त्या दिवशी एखादा आजार हवा होता. आजाराला गोळी तरी असते.

शेजारच्या काकूंनी आईला भलतंच विचारलं. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली. बाबा मात्र हसले. "आपल्या खानदानात बी.ए. कुणी झालं नव्हतं," ते म्हणाले, "आणि पळताना ओकणारंही कुणी निघालं नव्हतं. दोन्ही तूच."

छावणीतली सडक झाडून लख्ख असते. एकदा मी मधोमध ओकले, तेव्हा नाक्यावरच्या जवानाने बाबांना चांगलंच सुनावलं. बाबांना ते लागलं. तेव्हापासून माझी मान खाली गेली की मागून आवाज यायचा, "बाजूला, बाजूला." मी दोन पावलं डावीकडे, कडुनिंबाच्या बुंध्याशी, ओकून परत सडकेवर. वेळ थोडाच जायचा. पुढे पुढे त्यांना सांगावंही लागेना. पाय आपोआप वळायचे.

धावेच्या दिवशी मैदानावर चुन्याची रेघ आखली होती. रेघेबाहेर पाऊल पडलं की बाद, असं माईकवर बजावून सांगितलं होतं. माझा शेवटचा फेरा चांगला चालला होता, वेळ हातात होता. मग तोंडाला पाणी सुटलं. मागून मुली येत होत्या, आणि माझे पाय डावीकडे वळले. एवढंच झालं. मान वर केली तर समोर कॉन्स्टेबल बाई.

"मैडम, आप बाहर हो गईं."

"उल्टी आ रही थी."

"तो अंदर ही कर लेतीं. कौन मना कर रहा था?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

फाटकाबाहेर बाबा सायकल धरून उभे होते. मी झालं ते सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "रेघ दिसली नाही का?"

"दिसली."

ते सायकलवर बसलेच नाहीत. ती हातात धरून घरापर्यंत माझ्याबरोबर चालत आले.

आता मी एका कोचिंगमध्ये इतिहास शिकवते. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोघीजणी दरोगा झाल्या, पेढे देऊन गेल्या. पहाटे मी अजून धावते. कशाला, असं आई विचारते. तिला काय सांगू? धावणं सोडलं तर मळमळही जाईल. मग माझ्यात काहीच बिघडलेलं उरणार नाही, आणि तरी मी दरोगा नसेन.

ओकारी अजून येते. आता मी मुद्दाम वळत नाही, सडकेवरच वाकते. बाबा "बाजूला" म्हणत नाहीत. सायकल स्टँडवर लावतात, बाटलीतलं पाणी त्या जागेवर ओततात आणि डाग जाईपर्यंत चपलेने पसरत राहतात.