वैद्यबुवांना बोलवायला कोण जाणार?

घरोघरी पूजेची फुलं पोचवणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. शनिवार पेठेतली चाळीसेक घरं रोज सकाळी मला दार उघडतात. दार उघडलं की फुलं आत जातात आणि गोष्टी बाहेर येतात. "कुणाला सांगू नकोस हो, गेनबा" म्हणून सांगितलेली गोष्ट तर मी हमखास ध्यानात ठेवतो. बसलाच आहात तर त्या वर्षीच्या ऐका. पेठेत एकच वैद्य उरला होता, त्या वर्षीच्या.

झालं काय, दसऱ्याला फौज मोहिमेवर निघाली. आमच्याकडे नावाजलेले वैद्य पाच. त्यातले चार सरदारांनी बरोबर नेले. सरदारांच्या जखमा त्या जखमा, आमची दुखणी काय, घरबसली! राहिले दाजीशास्त्री. तेही का राहिले, तर गुडघ्यामुळे त्यांना घोड्यावर बसवेना. वैद्यबुवांना स्वतःचा गुडघा बरा करता आला नाही, त्याच गुडघ्यानं पेठ वाचवली. एरवी 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणणारे लोक त्या वर्षी वैद्याच्या आयुष्यासाठी नवस बोलत होते.

चालत येऊ शकणाऱ्या रोग्यांनी त्यांच्या ओट्यावर यायचं. गर्दी एवढी की पहाटे येऊन आपला एक जोडा रांगेत ठेवायचा, दुसरा पायात घालून घरी जायचं आणि पाळी आली की परतायचं. त्या वर्षी निम्मी पेठ एका पायात जोडा घालून लंगडत होती.

पण जो उठू शकत नाही त्याचं काय? त्याच्या घरी वैद्यबुवा जायचे, पण बोलवायला आलेला माणूस बघून. पोथीत म्हणे लिहिलंय, निरोप आणणाऱ्या दूतावरून रोग्याचं भविष्य कळतं. पांढरी वस्त्रं, हातात पांढरी फुलं, चेहरा प्रसन्न, असा दूत आला की रोगी उठणार. तोच दूत रडत आला, तांबडं नेसून आला, केस मोकळे सोडून, अंगाला तेल लावून, हातात काठी नाहीतर लाकूड घेऊन आला, किंवा वैद्य जेवत असताना आला, की रोगी असाध्य. मग दाजीशास्त्री जागचे हलायचे नाहीत. एरवी लोक दुसऱ्या वैद्याकडे जात. आता दुसरा होताच कुठे?

माझ्या घरी मी आणि आई, दोघंच. आईला दमा. थंडी पडली की तिचा श्वास कोंडायचा. ओट्यापर्यंत चालणं तिच्यानं व्हायचं नाही. म्हणजे दम लागला की वैद्यबुवांनी घरी यायला हवं, तेही वेळेवर. त्या दसऱ्यापासून मला ही एकच काळजी होती.

*

माझा या कामात शिरकाव झाला तो गणपुल्यांमुळे. गणपुले दप्तरात कारकून. त्यांच्या कुटुंबाच्या पोटात एका सकाळी भयंकर कळा यायला लागल्या. गणपुल्यांनी मेव्हण्याला पिटाळलं. मेव्हणा तांबडी शाल पांघरून, हातात काठी घेऊन गेला आणि दारातच गळा काढून रडला. वैद्यबुवांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "अपशकुनाचं काही राहिलं असेल तर तेही करून घ्या." आणि आत गेले.

मी तेव्हा गणपुल्यांच्या दारात फुलं घेऊन उभा. गणपुले मला म्हणाले, अरे गेनबा, तू तरी जाऊन बघ. मी तसाच निघालो. धुतलेलं पांढरं धोतर, परडीत कुंद आणि पांढरी शेवंती. माझा आपला रोजचाच वेष. वैद्यबुवांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. दूत असावा तर असा, म्हणाले, आणि लगेच पिशवी उचलली. बाई संध्याकाळी उठून बसल्या. दुखणं काय होतं म्हणाल, तर आदल्या दिवशीच्या अळूवड्या.

पण पेठेत नाव झालं माझं! त्या दिवसापासून कुणी आजारी पडलं की आधी माझ्याकडे माणूस यायचा.

मी मोठ्या तोऱ्यात आईला सांगितलं की वैद्यबुवा माझ्या तोंडाला शुभ म्हणाले. आई वाती वळत होती. वर न बघताच म्हणाली, "शुभ हाय व्हय? मग तीन पोरींच्या बापांनी नाही म्हटलं, ते काय पाठ बघून?"

*

ओट्यावरची गंमत निराळी. आमच्या आळीत एक म्हातारे शिलेदार राहायचे. मोहिमा पुष्कळ केलेल्या, आता नुसत्या सांगायच्या. त्यांना पडसं झालं. पहिल्या दिवशी त्यांनी जोडा ठेवला, पण पाळी यायच्या आत दिवस संपला. दुसऱ्या दिवशी त्यांचा जोडा कुत्र्यानं पळवला. मागचे लोक म्हणाले, जोडा गेला म्हणजे पाळी गेली. शिलेदार म्हणाले, मी अख्खा इथं आहे, जोड्याचं काय घेऊन बसलात? लोक ऐकेनात. रांग जोड्यांची, तिथं माणसाला कोण विचारतो!

तिसऱ्या दिवशी ते उरलेला जोडा रांगेत ठेवून त्याच्याशेजारी पहारा देत बसले. दुपारी एकदाची पाळी आली. वैद्यबुवांनी नाडी धरली, जीभ पाहिली आणि विचारलं, होतंय काय? शिलेदारांनी खरं ते सांगितलं. म्हणाले, आता काही होत नाही, पडसं काल रात्रीच गेलं. पण तीन दिवस जोडा ठेवलाय, पाळी फुकट कशी घालवू?

वैद्यबुवांनी शांतपणे सुंठीची पुडी बांधली आणि त्यांच्या हातात दिली.

"ही घ्या. सकाळ-संध्याकाळ जोड्याला चोळा."

*

माझी चलती बघून काही लोकांना वाटलं, यात काय मोठंसं आहे? एक म्हातारे कापडवाले तापानं फणफणले होते. घरच्यांनी मला न बोलावता जावयालाच सजवलं. कोरं पांढरं धोतर, पांढरा अंगरखा, परडीभर तगर. फुलं माझ्याकडूनच घेतली हो! निघताना सासूबाईंनी बजावलं, चेहरा हसरा ठेवा.

जावई आज्ञाधारक. वाटभर हसत गेला. वैद्यबुवांपुढे उभा राहिला आणि सगळे दात दाखवून म्हणाला की सासरे फार आजारी आहेत, वाचतील असं वाटत नाही.

वैद्यबुवांनी त्याची परडी, धोतर आणि दात नीट पाहून घेतले. मग पिशवी उचलत म्हणाले, "चला. यांच्या आनंदावर विरजण घालून येऊ."

सासरे वाचले. जावयाशी मात्र ते पुढं कितीतरी दिवस बोलत नव्हते.

*

आता गणपुले पुन्हा. या खेपेला त्यांना स्वतःलाच खोकला झाला. मोठा माणूस, जोड्यांच्या रांगेत कशाला बसतोय! अंथरूण धरलं आणि मला धाडलं. मी गेलो तर वैद्यबुवा हजामतीला बसलेले. क्षौर चालू असताना निरोप द्यायचा नाही, हेही पोथीत आहे. मी अंगणात परडी घेऊन बसून राहिलो. वैद्यबुवांचा न्हावी भारी बोलका. अर्धं डोकं झालं की हात थांबायचा आणि तोंड सुरू व्हायचं.

इकडे गणपुले घरी वाट बघून कंटाळले. गेनबा गेला कुठं, म्हणून स्वतःच उठून चालत आले आणि माझ्याशेजारी टेकले. आम्ही दोघं उन्हात गप्पा मारत बसलो. हजामत आटोपली, आंघोळ झाली, वैद्यबुवा बाहेर आले. मी उठून रीतीप्रमाणे सांगितलं, गणपुल्यांना खोकला आहे, घरी बोलावलंय. रोगी कसा आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हा काय, इथं बसलाय.

मला वाटलं, आता इथंच नाडी बघतील. छे! दूत शुभ आहे, बोलावणं घरचं आहे, मग रोगी घरीच बघायचा. आम्ही तिघं चालत निघालो. वैद्यबुवा गुडघ्यानं लंगडत होते आणि गणपुलेच त्यांना हात देत होते. घरी गेल्यावर गणपुले अंथरुणावर आडवे झाले, पांघरूण ओढलं आणि कण्हले. मग वैद्यबुवांनी आत येऊन विचारलं, "कधीपासून निजून आहात?"

*

मार्गशीर्षापर्यंत माझे दिवसाला दोन-दोन, तीन-तीन फेरे व्हायला लागले. एकदा तिसऱ्यांदा गेलो तेव्हा वैद्यबुवा म्हणाले, "गेनबा, पेठेत धडधाकट असा तू एकटाच दिसतोस."

या कामाचं मी कुणाकडून काही घेतलं नाही. मनात एकच होतं. आपल्या आईवर वेळ येईल तेव्हा वैद्यबुवांना आपली ओळख असेल. तिचा दमा आणि आमचं घर, दोन्ही मी त्यांच्या कानावर घालून ठेवलं होतं. सगळ्या खुणा मला तोंडपाठ झाल्या होत्या. काय नेसायचं, काय धरायचं, कधी जायचं, सगळं. आईला मी सांगून ठेवलं होतं, तुझ्या वेळी दूत असा जाईल की वैद्यबुवा धावत येतील. ती म्हणाली, आधी तुझं धोतर धुऊन ठेव.

*

आणि वेळ आली ती शनिवारी, भरदुपारी. फुलं वाटून झाली होती. मी तांबडा पंचा नेसून, अंगाला तेल चोपडून न्हाणीच्या चुलीत लाकडं सारत होतो. आतून आईच्या श्वासाचा आवाज आला. जाऊन बघतो तर आई भिंतीला धरून बसलेली, ओठ निळे पडलेले. बोलायला गेली, पण शब्द फुटेना. शेजारच्या काशीबाईंना तिच्याजवळ बसवलं आणि मी धावत सुटलो.

कोपऱ्यावर गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आपण असे कसे जाणार? अख्ख्या पेठेला दूत हवा तर मी. मला दूत हवा तर कोण? गणपुल्यांचं दार ठोठावलं, ते दप्तरात गेलेले. पुढं शिलेदार भेटले. मी रडत रडत सांगितलं. ते म्हणाले, चल, मी जातो की! मी बघितलं, डोईला तांबडं पागोटं, हातात काठी आणि पायात एकच जोडा. नको म्हटलं, आणि पुन्हा पळत सुटलो.

वैद्यबुवांच्या दारात पोचलो तेव्हा ते सोवळ्याचा मुकटा नेसून पानावर बसले होते. त्यांच्या पत्नी, माई, वाढत होत्या. आपोशन झालेलं, भाताचे दोन घास गेलेले. मध्येच उठलं की त्या दिवसाचं जेवण संपलं, हे पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी डोळे पुसायला हात वर केला, तेव्हा मला दिसलं की माझ्या हातात चुलीतलं लाकूड तसंच आहे. टोकाला धूर निघत होता.

तेल, तांबडा पंचा, मोकळे केस, रडणं, जळकं लाकूड, जेवणाची वेळ. पोथीतली एकही खूण मी सोडली नव्हती. मी उंबऱ्याबाहेरच थबकलो. वाटलं, आपणच आपल्या आईला मारलं.

वैद्यबुवांचा हात घासावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश. मग मान वळवून माईंना विचारलं, "दारात कुणी आलंय का?"

माईंच्या हातात वरणाचं भांडं होतं. त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"नाही बाई," माई म्हणाल्या. "कुणीच नाही."

"मग मी जरा पाय मोकळे करून येतो," वैद्यबुवा म्हणाले. त्यांनी हात धुतला, फडताळातली पिशवी काढली आणि मुकट्यातच, अनवाणी, माझ्या अगदी जवळून बाहेर पडले. त्या गुडघ्यानं तो माणूस इतका भराभर चालेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दारं उघडून लोक बघत होते. मी ते लाकूड हौदाजवळ टाकलं आणि मागं मागं गेलो.

घरी त्यांनी आईला मधातून मात्रा चाटवली, छातीला कोमट तेल-सैंधव चोळायला लावलं, शेक द्यायला लावला. स्वतः जमिनीवर बसून राहिले, ऊन उतरेपर्यंत. हळूहळू आईचा श्वास सुटा झाला, ओठांवर रंग आला. डोळे उघडून तिनं आधी मला पाहिलं, तेलकट, धुरकट. मग वैद्यबुवांना पाहिलं, मुकट्यातले, पाय धुळीनं भरलेले.

"बोलवायला कोण आलं व्हतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही," वैद्यबुवा म्हणाले. "इकडून चाललो होतो."

"जेवायच्या वक्ताला?"

"भूक नव्हती," ते म्हणाले आणि पिशवी बांधून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसून, पांढरी शेवंती घेऊन त्यांच्याकडे गेलो. रोजच्यापेक्षा जास्त फुलं घातली होती. काय बोलावं ते वाटभर जुळवलं होतं. वैद्यबुवा ओट्यावर जोड्यांची रांग लावून घेत होते. त्यांनी फुलं घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे गेनबा, काल दुपारी कुठं दिसला नाहीस?"

मी म्हटलं, घरीच होतो.