कानाची चादर

पुणे सोडताना मी पिशवीतला कागद चार वेळा चाचपून पाहिला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस तीर्थाला निघतो. मी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीला निघालो होतो.

कारण सांगायला हवं. निवृत्तीनंतर मी आरोग्याच्या क्षेत्रात काही नवं बनवू पाहणाऱ्या छोट्या उद्योगांना सरकारी अनुदानाचे अर्ज भरून देत असे. कार्डावर ‘अनुदान सल्लागार’ असं छापलं होतं. मी डॉक्टर नव्हतो, इंजिनियर नव्हतो. मी रकाने भरणारा होतो. कुणी लाकडी कुबडी घेऊन आला की संध्याकाळपर्यंत मी तिची ‘सर्वसमावेशक गतिशीलता प्रणाली’ करून टाकत असे. सहा वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका अर्जात मी खोटं लिहिलं होतं. ते दुरुस्त करणारा कागद पिशवीत होता, आणि त्या दिवशी पाचच्या आत तो चिंचोळीच्या अनुदान कार्यालयात पोचायला हवा होता.

कुर्डुवाडी गेली की ऊस मागे पडतो. मग ज्वारी, बाभळी आणि मधूनच मेंढरांचा एखादा कळप. सोलापूर स्टेशनाबाहेर आलो तर ऊन थेट टाळूवर बसलं. रिक्षावाल्याला पूर्व भागातला पत्ता सांगितला आणि नरसम्माअक्कांचं नाव घेतलं.

“लकव्याची म्हातारी व्हय? फोटूवाली?”

“ओळखता तुम्ही?”

“न वळखायला काय झालं! त्या चादरीच्या डब्यावर फोटू हाय की तिचा. पण आता लई सुधारली बगा, आजोबा. परवा भाजी घेऊन चालत जाताना बगितली मी. सरकारी चादरीचा गुण!”

नरसम्माअक्कांना लकवा कधीच झाला नव्हता.

लकवा झाला होता त्यांच्या अत्तेला (तेलुगूत सासू). अक्का टॉवेलच्या कडा शिवायचं काम करत. अंथरुणाला खिळलेल्या सासूला कूस बदलून देता देता त्यांची कंबर गेली, तेव्हा त्यांनी एक जाड सोलापुरी चादर घेतली आणि टॉवेलच्या चिवट काठाचे आठ फास तिला दोन्ही बाजूंनी शिवून टाकले. फासात हात घालून ओढलं की एकटी बाई जड माणसाला अलगद वळवू शकते. गल्लीने तिला नाव दिलं, कानाची चादर. मी दिलेलं नाव होतं ‘बहुउपयोगी रुग्ण-स्थलांतरण प्रणाली’. ते मला अजून एका दमात म्हणता येत नाही.

अर्जात दोन रकाने होते. ‘संशोधक’ या रकान्याला पदवी किंवा पदविका लागत होती. दुसरा रकाना ‘लाभार्थी’. अक्का तेलुगू शाळेत पाचवीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या भाच्याकडे, श्रीनिवासकडे, इंजिनियरिंगची पदविका होती. त्याला मी संशोधक केलं. लाभार्थीचा फोटो हवा होता, पण सासू तोवर वारल्या होत्या. मग मी अक्कांनाच त्यांनी शिवलेल्या चादरीवर आडवं केलं. बनवणारीच रोगी झाली. अर्ज पहिल्या फेरीत मंजूर झाला आणि अनुदानातून निघालेल्या चादरींच्या डब्यावर तोच फोटो छापला गेला. माझ्या भाषाशैलीचं विशेष कौतुक झालं.

रिक्षा गल्लीत शिरली तशी यंत्रमागांची खडखड अंगावर आली. अक्का दारातच शिवत बसल्या होत्या, सोबत आणखी दोघी बायका.

“कूर्चोंडी (बसा), साहेब.”

“तब्येत कशी आहे?” मी सवयीने विचारलं.

“तुमी पण इचारा की! सगळं गाव इचारतंय. नातीला बघायला पाहुणे आले, ते पोरीकडं बघेनात. म्हणतात, लकवा तुमच्या घराण्यातच हाय का?”

अडचण तेवढीच नव्हती. या तिघींनी गट केला होता आणि खेड्यांतल्या आरोग्य केंद्रांना चादरी द्यायच्या म्हणून अर्ज केला होता. तो परत आला. नरसम्मा या नावाची बाई आधीच लाभार्थी म्हणून नोंदलेली. तीच बनवणारी कशी असेल? मूळ अर्ज भरणाऱ्याने शेवटच्या तारखेच्या आत दुरुस्ती द्यावी, असा शेरा होता. ती तारीख म्हणजे हाच दिवस.

जेवायला कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी होती, तेल सुटलेली. अक्का म्हणाल्या, “जेवता जेवता वाचा कागद.”

मी ऐटीत सुरुवात केली, “अनवधानाने झालेल्या लिपिकीय त्रुटीमुळे...”

“थांबा. अनवधान म्हंजे?”

“लक्ष नसताना झालेलं.”

“लक्ष होतं की तुमचं! तुमीच म्हणाला, अक्का, तोंड जरा वाकडं करा. मी हसले तर रागावला पण.”

दोघी बायकांनी तोंडाला पदर लावला. मी कागद घाईने घडी घालायला गेलो आणि ताटलीतलं तेल त्यावर गेलं. सगळा कागद सोडून ते नेमकं ‘लिपिकीय त्रुटी’वर पसरलं. चटणीला माझ्यापेक्षा संपादन चांगलं जमत होतं.

निघण्याआधी मी श्रीनिवासला फोन लावला. तो आता हैदराबादेत नोकरीला आहे. “काढा ना माझं नाव, अंकल,” तो म्हणाला. “त्या चादरीला कान किती, ते पण मला आठवत नाही.”

अक्का आणि त्या दोघींतली एक बाई यांच्यासोबत चिंचोळीला पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. उतरताना माझे गुडघे अडले. दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून मला रिक्षाबाहेर काढलं. कार्यालयातल्या तरुण अधिकारी बाईंनी कागद उजेडात धरला.

“आजोबा, हा स्कॅन होणार नाही. तेलकट आहे.”

त्यांनी कोरा कागद दिला. त्यावर मी हाताने लिहिलं, “ही चादर नरसम्मा यांनी बनवली. त्यांना लकवा कधीच नव्हता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी खोटं लिहिलं.” आयुष्यात भरलेला हा माझा सर्वांत आखूड मजकूर.

बाईंनी वाचला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, “असं कुणी लिहीत नाही हो. अनवधानाने, असं लिहा की.”

“नको,” अक्का खुर्चीतून म्हणाल्या. “लक्ष होतं त्यांचं.”

पदवीची अट मधल्या काळात काढून टाकली गेली होती. संशोधकाच्या रकान्यात ‘नरसम्मा’ ही अक्षरं एकेक करून उमटली. अक्का उठून पडद्याजवळ गेल्या आणि आपलं नाव मराठीत, मग तेलुगूत, असं दोनदा पुटपुटल्या. तेवढ्यात संगणक अडला. लाभार्थीचा रकाना रिकामा होता. तो रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. फोटोही हवा. पाचला बारा मिनिटं होती.

“आता लाभार्थी कुठून आणायचा?” अधिकारी बाई म्हणाल्या.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. “हे हायत की. गुडघे गेलेत. आत्ताच दोघींनी रिक्षातून उतरवलं.”

अभ्यागतांच्या बाकावर अक्कांनी नमुन्याला आणलेली चादर अंथरली गेली. मी चष्मा काढून आडवा झालो. अक्कांनी दोन कानांत हात घातले आणि मला असं अलगद कुशीवर वळवलं की क्षणभर आई आठवली. अधिकारी बाईंनी मोबाईल धरला.

“साहेब,” अक्का वाकून म्हणाल्या, “तोंड जरा वाकडं करा.”

ते आधीच झालं होतं.

दुरुस्ती पाचच्या आत नोंदली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी परतलो. चादर अक्कांनी माझ्याच पिशवीत कोंबली होती. लाभार्थी झालात, तर वस्तू न्यायलाच पाहिजे, म्हणाल्या. ती मी मांडीवर घेऊन बसलो. सहा वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मी फक्त रकाने भरले. पण रकान्यात माणूस राहायला जातो, आणि मग सारं गाव त्याला त्याच पत्त्यावर शोधतं.

तर वाचकहो, पुढेमागे एखाद्या आरोग्य केंद्रात चादरीच्या डब्यावर वाकड्या तोंडाचा म्हातारा दिसला, तर त्याच्या तब्येतीची चौकशी करू नका. तो मी आहे, आणि मला गुडघ्यांपलीकडे काही झालेलं नाही. डबा उलटा करा. बनवणारीचं नाव मागे आहे.