पाणी गाळ टाकू नको

विठूकाकांचं अक्षर मोत्यासारखं, पण पूर्णविरामाशी त्यांचं जन्माचं वैर. लेकीच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर जाताना त्यांनी कारखान्यातल्या आपल्या टाकीशेजारी चिठ्ठी चिकटवली: ‘हरी पाणी गाळ टाकू नको’.

हरी म्हणजे लांज्याचा हरिश्चंद्र, रत्नागिरीच्या त्या छोट्या कारखान्यात नुकताच लागलेला. तांब्याच्या भट्ट्यांची धूळ तिथे पोत्यांतून येई. ती आम्लाच्या टाकीत घातली की तांबं पाण्यात उतरे, आणि उरलेला गाळ विषारी कचरा म्हणून ट्रकने जाई. काकांना म्हणायचं होतं, पाणी गाळून घे, ते टाकू नको. हरीने वाचलं, पाणी टाकू नको आणि गाळही टाकू नको. भल्या माणसाने ट्रक दोनदा रिकामा परत पाठवला!

काका परतले तर दारापर्यंत पिंपंच पिंपं.

“मेल्या, ह्यो गाळ कशाला ठेवलास?”

हरीने टाकीशेजारची चिठ्ठी दाखवली. त्याला कायम करायचं की नाही, ते महिनाअखेरीला ठरणार होतं. नाही म्हटलं की पुन्हा मुंबई, आणि चार वर्षांच्या तेजस्वीला बाप फक्त फोनवर.

प्रयोगशाळेतल्या सानिका मॅडम पिंपं बघायला आल्या. मुंबईत कुरिअरचं काम केलेल्या हरीने सवयीने प्रत्येक पिंपावर तारीख आणि पोत्याचा नंबर घातला होता. एका नव्या भट्टीच्या धुळीचा गाळ असा आयताच वेगळा मिळाला, म्हणून त्यांनी तो तपासला. दोन दिवसांनी त्या धावतच आल्या. गाळात औषधांत लागणारं बिस्मथ होतं, चांदीही होती, आणि काढून घेण्याजोगी होती.

“कुणाला सुचलं हे ठेवायचं?”

काकांनी हरीकडे बोट केलं. हो म्हणाला असता तर काय बिघडणार होतं? पण गडी नावाला जागला.

“सुचलं नाय मॅडम. मी चिठ्ठी चुकीची वाचली.”

“मीच चुकीची लिवली,” काका म्हणाले. “पन नंबर घालायला त्याला कुनी सांगितलं नव्हतं.”

 मुंबईत दुसऱ्यांच्या चुका हरीच्या माथी येत. आपली चूक कुणी स्वतःच्या अंगावर घेतलेली तो पहिल्यांदाच पाहत होता.

महिनाअखेरीला तो कायम झाला. बाप पुन्हा मुंबईला जाईल म्हणून तेजस्वी त्याची बॅग तांदळाच्या पिंपामागे लपवून ठेवी. त्या संध्याकाळी हरीने ती बाहेर ओढली, तशी पोरगी रडायलाच लागली. त्याने बॅग तिच्या मांडीवर ठेवली.

“घे. तुझी खेळणी भर हिच्यात.”