मायेला टिकतील असे मासे

"मरणार नाहीत असे मासे द्या," दुकानात शिरल्या शिरल्या नळवाल्यानं सांगितलं.

दुकानदारीण टाकीत जाळी फिरवत होती. लोक तिला मासेबाई म्हणत. नाव ऐकून एखादा नवखा पिशवी घेऊन यायचा आणि कापून देता का विचारायचा. त्याला ती टाकीतले बोटभर मासे दाखवायची आणि म्हणायची, "एवढ्यानं पोट भरत असेल तर न्या."

नळवाल्याला ती म्हणाली, "न मरणारे समोर मिळतात काका, खेळण्यांच्या दुकानात. प्लॅस्टिकचे. माझ्याकडचे जित्या जिवाचे आहेत."

"मग चिवट द्या. पहिल्यांदाच पाळतोय."

"सांभाळणार कोण?"

"आमची ही. तिचा हात जरा सढळ आहे."

एवढंच बोलून तो टाक्या बघू लागला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातल्या गळत्या बंद करणाऱ्या माणसाला आपल्या घरातली गळती चारचौघांत सांगणं जड जातं.

त्याची बायको एका वसतिगृहाच्या भोजनगृहात स्वयंपाकीण होती. अठ्ठावीस वर्षं तिनं रोज दोनशे पोरांना वाढलं. पंगतीत कुणाचं ताट रिकामं दिसलं की तिला चैन पडत नसे. आता तिचं डोकं दिवसेंदिवस रितं होत चाललं होतं. दोनदा गॅस उघडा राहिला, तेव्हा नळवाल्यानं शेगडीची बटणं काढून आपल्या खिशात टाकली. त्या दिवसापासून तिचे हात बेकार झाले. ती खिडकीशी बसून चादरीचे धागे उपसत राहायची. डॉक्टर म्हणाले होते, हाताला रोजचं एखादं सोपं काम द्या, तेवढंच मन थाऱ्यावर राहील.

मासेबाईनं बोट नाचवत टाक्या दाखवल्या. "गोल्डफिश मागू नका. सगळे पहिल्यांदा तोच नेतात आणि पंधरा दिवसांत रडत येतात. खादाड जात, पाणी नासवते. हे झेब्रा न्या, पट्ट्यापट्ट्यांचे. पाण्याचं फार मनावर घेत नाहीत. पण सहा न्या, एकट्यादुकट्याला ठेवलंत तर कुढतो. आणि नवं पाणी कच्चं असतं काका, उरलेलं खाणं त्यात लगेच कुजतं. चिमूटभरच खायला घाला, दिवसातून एकदा. दोन मिनिटांत संपेल एवढंच."

"पाण्याचं मला सांगू नका. जन्म गेलाय पाण्यात."

"पळतं पाणी ओळखता तुम्ही. हे थांबलेलं आहे."

घरी त्यानं दोन फुटांची टाकी मांडली, बुडबुडे सोडणारी मोटर लावली. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून पाणी दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी मासे सोडले.

बायको खिडकीपासून उठली. किती महिन्यांनी ती कुणी हात न धरता उठली होती! टाकीशी वाकून तिनं मासे मोजले, पुन्हा मोजले.

"अहो, सहाच आलीत? बाकीची कुठंयत?"

"येतील. तू यांना तर वाढ."

तिनं चिमूट सोडली. मासे झेपावले तशी ती हसली, आणि नळवाल्याचा जीव भांड्यात पडला. पण दहा मिनिटांनी ती पुन्हा आली. "या पोरांना कुणी वाढलं की नाही?" आणखी एक चिमूट. मग आणखी एक. तो बाथरूममधून येईपर्यंत अर्धा डबा संपला होता.

"अगं, आत्ताच जेवले ते!"

"तुम्हाला काय कळतंय? तोंडं उघडून मागतायत बघा."

उरलेलं खाणं तळाशी कुजलं. पाणी दुधाळ झालं. पाचव्या दिवशी दोन मासे उताणे तरंगत होते. दुपारी ती झोपल्यावर नळवाल्यानं ते काढले, पाणी बदललं आणि दुकानातून दोन नवे आणून सोडले. उठल्यावर तिनं मोजले. सहा. पुढच्या आठवड्यात तीन गेले, तेही त्यानं असेच भरून काढले.

तिसऱ्या खेपेला मासेबाईनं जाळी खाली ठेवली. "काका, झेब्रा एवढे मरत नाहीत. घरात काय चाललंय?"

मग त्यानं सांगितलं. स्टुलावर बसून, टोपी हातात चुरगाळत, सगळं सांगितलं.

तिनं ओले हात पुसले. "मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो काका," ती म्हणाली. "मायेनं मात्र चार दिवसांत मरतो. एक करा. रोज सकाळी एकच चिमूट डब्यात ठेवा, बाकीचं खाणं लपवा. आणि हा गुरामी न्या. वर येऊन हवा घेतो, घाण पाण्यातही तग धरतो."

उपाय लागू पडला. ती पहिल्यांदा वाढायची. नंतर डबा उघडायची, आत बघायची आणि झाकण लावायची. तक्रार नाही, रडणं नाही. पाणी काचेसारखं झालं. महिना झाला, एक मासा मेला नाही. नळवाला मनाशी म्हणाला, जमलं बुवा.

मग एके दिवशी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना त्याला दिसल्या. चेहरा उतरला होता. ताट तर रोज रिकामं होत होतं. आजारच वाढला असेल, असं त्यानं धरलं. टाकीखालच्या कपाटात मोटरची वायर बघायला तो वाकला आणि त्याच्या हाताला एक पातेलं लागलं. त्यात वाळलेला भात होता, पावाचे तुकडे होते, बुरशी आलेली भाजी होती. कितीतरी दिवसांचे घास.

"हे काय गं?"

ती धावत आली आणि पातेल्यावर ओणवी झाली. "हात लावू नका! पोरांचं आहे."

"आणि तू काय खाल्लंस?"

"पोरं उपाशी असताना स्वयंपाकीण जेवते होय?" तिनं वर पाहिलं. त्या नजरेत नवऱ्याची ओळख नव्हती. "रोज डबा रिकामा असतो. कोठी तुमच्याकडे आहे ना? मला सगळं माहीत आहे. तुम्ही चोरता."

 ते खरं होतं.

त्यानं लपवलेलं खाणं काढून डबा काठोकाठ भरला. त्या दुपारी तिनं माशांना मनसोक्त वाढलं आणि स्वतःही पोटभर जेवली. संध्याकाळी झेब्रा पाण्याच्या वर येऊन धापा टाकत होते. एकटा गुरामी धीरानं फिरत होता. नळवाला टाकीसमोर खुर्ची ओढून बसला. ती जेवली तर हे मरणार, हे जगले तर ती झुरणार. जगातला कुठला चिवट मासा यातून वाट काढणार होता?

सकाळी तिला जाग यायच्या आत त्यानं सातही मासे पिशवीत घेतले आणि दुकान उघडायची वाट बघत पायरीवर बसला.

मासेबाईनं पिशवी उजेडात धरली. "मासे चिवट निघाले काका."

"मासे चांगलेच होते. आम्ही कमी पडलो."

घरी आला तेव्हा ती टाकीपुढं उभी होती. आत नुसतं पाणी आणि बुडबुडे.

"पोरं कुठं गेली?"

रस्ताभर त्यानं उत्तर शोधलं होतं आणि एकही सापडलं नव्हतं. आता ते आपसूक तोंडी आलं. "सुट्टी लागली. घरी गेली."

"सगळी?"

"सगळी."

"जेवून गेली?"

"पोटभर."

तिनं मोठा श्वास सोडला. पदरानं काच पुसली, पाटावर येऊन बसली. त्यानं वाढलेलं ताट तिनं ओढून घेतलं आणि ती सावकाश, एकेक घास चावून जेवू लागली. किती दिवसांनी ती अशी निवांत जेवत होती! तो समोर बसून बघत राहिला.

अर्ध्या ताटावर तिचा हात थांबला. तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं, अगदी मायेनं.

"आणि तुम्हाला?" तिनं विचारलं. "तुम्हाला न्यायला कुणी आलं नाही?"