तोंड फिरव

संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर पोरी खोखोला उतरल्या की माझे कान अजून एकच आवाज धुंडाळतात. "खो!" म्हणायची तिची ती ठसक्यातली तऱ्हा. मी इथला खेळाचा मास्तर. लई पोरी घडवल्या, पण त्या आवाजासाठी जीव तुटतो तसा कुणासाठी तुटत न्हाय.

माकणीची पोर. रोज भरलेल्या जीपमधी कोंबून लोहाऱ्याला यायची, तरी मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. खांबावर असा सूर मारायची की पळणारीला कळायच्या आत बाद! मी सगळ्या पोरींना एक शिकवलं होतं. सरांनी "लागलं का?" विचारलं की "न्हाय सर" म्हणायचं. रडक्यांचा खेळ न्हाय हा! माझंच शहाणपण, दुसऱ्याला कशाला बोल लावू?

स्पर्धेचा शेवटचा सामना. तिनं सूर मारला अन् कपाळ खांबावर आदळलं. रेषेबाहेर मला आवाज आला. उठली, माती झटकली.

"लागलं का गं?"

"न्हाय सर."

पुढच्या पोरीला खो देऊन ती तिच्या जागी बसली, पण उलट्या बाजूला तोंड करून. खोखोत एकीचं तोंड इकडं, तर शेजारणीचं तिकडं. हे शाळेतलं लेकरूबी चुकत न्हाय, अन् ही तर तीन वर्षं माझ्या हाताखाली. तिथंच ओळखायला पाहिजे होतं मी. बदली पोरगी बाजूला तयार बसली होती. पण मी खेकसलो, "तोंड फिरव गं! ध्यान कुठंय?" तिनं फिरवलं. आणखी दोन सूर मारले. सामना आम्ही जिंकलो.

परतताना जीपमधी कप मांडीवर घेऊन ती म्हणाली, "सर, आपला सामना किती वाजता हाय?" पोरी खिदळल्या. मीबी हसलो, आग लागो त्या हसण्याला! तिसऱ्यांदा तिनं तेच विचारलं, तेव्हा कुणी हसलं न्हाय. जीप तशीच दवाखान्याकडं वळवली. पहिल्या मारालाच हिला बाहेर का न्हाय घेतलं, असं डॉक्टरांनी विचारलं.

दोन वर्षं झाली. उजेडाकडं बघितलं की तिचं डोकं ठणकतं, चार पावलं पळलं की भवंड येते. परवा माकणीला गेलो. तिचे वडील आजबी "या सर, बसा" म्हणतात, चहा ठेवायला लावतात. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती आतल्या खोलीत होती. दाराकडं पाठ, भिंतीकडं तोंड. वाटलं, एकदा म्हणावं "तोंड फिरव", अन् तिनं फिरवावं, उठावं, पळत सुटावं.

"लई दुखतं का गं?" एवढंच विचारलं.

भिंतीकडंच बघत ती म्हणाली, "न्हाय सर."