ताल चुकणारं माकड

पडदा वर जातो, तेव्हा समोर बुरहानपूरचा शनवारा दरवाजा आहे. कमानीतून सकाळचं ऊन तिरपं आलंय, टांगे खडखडतायत, जिलेबीच्या कढईभोवती गर्दी आहे. आणि उजव्या विंगेतून, डावा पाय ओढत, लोटू तबलजी प्रवेश करतो. उजव्या पायानं पुढं व्हावं आणि डाव्यानं मागून त्याची री ओढावी, अशी त्याची चाल.

साल अठ्ठेचाळीस. हैदराबादची पोलीस कारवाई नुकतीच आटोपली होती. नाटक कंपनी बुडाल्यापासून लोटू गावातल्याच सिंधीपुऱ्यात मालूबाईच्या ओसरीवर राहायचा आणि तबल्यांना कातड्याच्या पुड्या चढवून पोट भरायचा. पण त्याचं मूळ गाव जालन्याकडचं, निजामाच्या हद्दीतलं. तिकडून आलेल्याकडे लोक तेव्हा डोळे बारीक करून बघत. शनवाऱ्यावरच्या हवालदार शालिग्रामनं त्याला एकदा हटकलंही होतं. पुन्हा हटकलं तर बिऱ्हाड उचलावं लागणार, ही धास्ती लोटूच्या मनात बसली होती. या वयात दुसरं गाव कुठलं शोधायचं?

अशात त्याला दिसलं, की एक तरुण शनवाऱ्यातल्या चहाच्या दुकानात बसून रोज त्याच्या पायांकडे बघतो आणि मांडीवरच्या कागदावर काहीतरी उतरवतो. तो शाळेतला ड्रॉइंग मास्तर होता, दिगंबर.

"खबऱ्या आहे," लोटू मालूबाईला म्हणाला. "माझं चित्र काढून चौकीत देणार."

"तुझं थोबाड फुकटात कोण काढतंय रे बापा?" मालूबाई हसली.

लोटू हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दात आवळून सरळ चालू लागला, रंगमंचावर राजा यावा तसा. मास्तरचा चेहरा पडला. तो पडलेला बघून लोटूचा संशय पक्का झाला. शेवटी एके सकाळी त्यानं मास्तरच्या मांडीवरचा कागदांचा गठ्ठा हिसकावला आणि तडक घर गाठलं.

कागदांवर तो नव्हताच. सगळीकडे एकच माकड होतं. मालूबाईनं गठ्ठ्यातले कागद अंगठ्याखालून भरभर सोडले आणि ओरडली, "अगं बाई! हे तर चालतंय! लोटू, हा तर तूच!"

तेवढ्यात धापा टाकत मास्तर आला. "फाडू नका, लोटूभाऊ! सिनेमा करतोय. केळीच्या बागेत शिरलेल्या माकडाचा. एकेका चित्राचा फोटो घ्यायचा, मग ते पडद्यावर चालतं. तुमच्या चालीत ठेका आहे, म्हणून ती घेतली. आणि तबलाही तुम्हीच वाजवायचा."

"मग चौकीत काय देणार?"

"चौकीत कशाला देऊ?"

"तेच मी विचारतोय."

तरीही लोटूनं तबला पुढं ओढला. कंपनीतली सवय अशी, की नजर नटाच्या पायावर आणि हात नजरेमागं. मास्तर कागद सोडत गेला, लोटू वाजवत गेला. माकडानं पाय ओढला, की डग्गा घुमत त्याच्याबरोबर ओढला जाई. मालूबाई डोलू लागली. आणि मध्येच माकड ताठ झालं, समेवरून घसरलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथंच घसरलं.

"तुमचा नट चुकतोय, मास्तर. मला बदनाम करायला मुद्दाम चुकवलंत?"

"ही मागच्या आठवड्यातली चित्रं," मास्तर हळूच म्हणाला. "तुम्ही असेच ताठ चालत होतात."

लोटूनं तबला बाजूला सारला.

"अंगणात चालून दाखवतो."

"अंगणात तुम्ही पाय चोरून चालाल. ती चाल शनवाऱ्यातच येते."

शनवाऱ्यात, म्हणजे शालिग्रामच्या डोळ्यांसमोर. मास्तर आपल्याला सापळ्यात तर नेत नाही ना, हेही लोटूच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या सकाळी कंपनीतली जरीची टोपी घालून तो कमानीखाली आला. चहाच्या दुकानात बसलेल्या मास्तरकडे एक वाकडी नजर टाकली आणि डावा पाय मोकळा सोडला. धा, आणि ओढ. धा, आणि ओढ. लोक वळून बघू लागले. शालिग्राम काठी टेकत समोर येऊन उभा राहिला.

"ए निजामवाले! कहाँ से आया, कहाँ चला?"

सुरू झालेला प्रवेश लोटूनं आयुष्यात कधी मध्येच थांबवला नव्हता. पाय चालतच राहिला.

"सिंधीपुऱ्यातून आलो, सिंधीपुऱ्यातच जाणार. जरा बाजूला व्हा, हवालदारसाहेब. तुमची सावली पायावर पडतेय, मास्तरला दिसत नाही."